सही केली नाही म्हणजे नकार दिला, असं नसतं

प्रश्न : मावशी, आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, तीन वर्षांचा असल्यापासून आयईपी (त्याला कोणतं शिक्षण आणि मदत द्यायची याचा शाळेचा लेखी आराखडा) आहे. आतापर्यंत घराजवळच्याच शाळेत, नेहमीच्या वर्गात, सोबत वन-ऑन-वन एड, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी मदतनीस, अशी व्यवस्था होती. परवाच्या मीटिंगमध्ये सांगितलं की पुढच्या वर्षी एड देता येणार नाही, बजेट नाही. त्याऐवजी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतल्या ऑटिझमच्या वेगळ्या वर्गात घालू म्हणाले. कागद हातात दिले, आम्ही सही केली नाही, म्हणजे आत्ता तरी काही बदलणार नाही ना? नवरा म्हणतो, भांडत कशाला बसायचं, चाळीस मिनिटांवर एक खासगी स्पेशल स्कूल आहे, वर्षाची फी नव्वद हजार डॉलर, तिथे घालू आणि मग स्कूल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे गावातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडून, पैसे वसूल करू. शेजारची मैत्रीण म्हणते, आपण एच-वनवर, ग्रीन कार्ड अडकलेलं, उगाच डोळ्यांवर येऊ नका. सासूबाई म्हणतात, पुण्याला पाठवा. आणि स्पीच थेरपिस्टने घरात मराठी बंद करायला सांगितलंय. माझं डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : तू मावशी म्हणालीस, म्हणून मी तुला अगं-तुगं करणार. तुझी मेल आली त्याच संध्याकाळी मी फोन केला, कारण त्यातली एक गोष्ट या सदराची वाट बघू शकणारी नव्हती. तीच इथे आधी लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया नेमक्या तिथेच फसतात.

सही केली नाही म्हणून बदल लागू होणार नाही, असं तू धरून चालली आहेस. अगदी पहिला आयईपी होतो तेव्हा ते खरं असतं. आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय डिस्ट्रिक्टला काहीच सुरू करता येत नाही. पण पुढच्या बदलांना न्यू जर्सीत निराळा नियम आहे. डिस्ट्रिक्टने लेखी नोटीस दिली की 15 दिवस मोजायचे, आणि तेही शाळेचे नव्हेत, कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. त्या मुदतीत तुम्ही मीडिएशन (त्रयस्थाच्या मदतीने तडजोड) किंवा ड्यू प्रोसेसची सुनावणी (न्यायाधीशापुढे वाद मांडणं) मागितली नाहीत, तर नवा आयईपी लागू. तुमची सही असो वा नसो. मौन म्हणजे संमती हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय; ट्रेंटनच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, नियमावलीने तेच रुक्ष इंग्रजीत लिहून ठेवलंय.

केस मॅनेजरला 'आम्हाला मान्य नाही' अशी मेल टाकूनही भागत नाही. ती मेल जरूर टाक, पण घड्याळ थांबतं ते राज्याच्या शिक्षण खात्याच्या स्पेशल एज्युकेशन ऑफिसकडे अर्ज गेल्यावर, आणि त्याची प्रत डिस्ट्रिक्टला दिल्यावर. मीडिएशनला पैसे पडत नाहीत. मात्र त्याला दोन्ही बाजू तयार लागतात. डिस्ट्रिक्ट नाही म्हणालं तर सुनावणीचा रस्ता उरतो. वाद मिटेपर्यंत मूल आहे तिथेच, आहे त्याच मदतीसह राहतं. याला सगळे 'स्टे पुट' म्हणतात. हे दोन शब्द पाठ करून ठेव, कारण याच्याएवढं मोठं हत्यार आपल्या हातात दुसरं नाही.

आता 'बजेट नाही'कडे येऊ. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतेय. प्रत्येक वेळी ते इतक्या दिलगिरीने म्हटलं जातं की आपल्यालाच अपराधी वाटावं. आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं. समोरच्याने पैशाची अडचण सांगितली की आपण 'असू दे, असू दे' म्हणत उठतो. तिथे उठायचं नाही. मुलाला काय लागतं हे आधी ठरतं, ते द्यायचं कसं हा नंतरचा प्रश्न, आणि तो दुसरा प्रश्न तुझा नाहीच. 1999 मध्ये आयोवातल्या गॅरेट नावाच्या मुलाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तो व्हेंटिलेटरवर होता आणि शाळेत दिवसभर त्याच्याजवळ शिकलेलं माणूस लागायचं. डिस्ट्रिक्ट म्हणालं, फार खर्च येतो. कोर्ट म्हणालं, तरी द्यावं लागेल.

डिस्ट्रिक्टची अडचण खोटी असते असं मात्र नाही, आणि ती समजून घेतलीस तर मीटिंगमध्ये तुझा आवाज चढणार नाही. अपंग मुलांना शाळेत शिक्षणाचा हक्क देणारा हा मूळ केंद्रीय कायदा 1975 चा. अपंग मुलांना नेहमीच्या मुलांपेक्षा शिकवायला जो जास्तीचा खर्च येतो, त्यात केंद्र हातभार लावेल असं तेव्हा ठरलं आणि देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत मदत देऊ असा शब्द दिला गेला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्या नोव्हेंबरात सही करतानाच बोलून दाखवलं होतं की सरकार पेलणार नाही एवढं वचन यात आहे. त्यांचं खरं ठरलं. पन्नास वर्षांत तो आकडा एकदाही गाठला गेलेला नाही, आणि अलीकडे तर पंधरा टक्क्यांच्याही आत असतो. उरलेलं राज्य आणि गाव भरतं. जर्सीत गाव म्हणजे तुमचा-आमचा प्रॉपर्टी टॅक्स, ज्यातला साधारण अर्धा शाळांकडे जातो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची प्लेट हातात घेऊन 'या स्पेशल एज्युकेशनमुळे टॅक्स वाढतो हो' असं म्हणणारे आपलेच लोक मला भेटलेत. त्यातल्या एकाच्या नातवाला गेल्या वर्षी आयईपी मिळाला. असो.

एखाद्या मुलाचा खर्च फारच वाढला तर डिस्ट्रिक्टला राज्याकडे 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी एड', म्हणजे जादा आर्थिक मदत, मागता येते. नियमात त्यासाठी हद्द आखलेली आहे : पब्लिक शाळेत शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला 40,000 डॉलर, खासगी स्पेशल स्कूलमध्ये असेल तर 55,000. त्यापलीकडच्या रकमेतला मोठा वाटा राज्याने द्यायचा असतो. प्रत्यक्षात राज्यही हात आखडता घेतं. पण म्हणून 'तुमच्या एकट्या मुलामुळे गावाचं दिवाळं निघेल' असं कुणी सुचवलं, तर ही तरतूद आपल्याला माहीत असल्याचं शांतपणे कळू द्यायचं. मी एकदा नुसतं 'यासाठी राज्याकडे अर्ज करता येतो ना?' एवढंच विचारलं होतं. टेबलापलीकडच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पुढची वीस मिनिटं मुलाबद्दल बोलणं झालं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू अर्धीच तयारी करून जाशील. कायदा 'योग्य' शिक्षण देतो, 'उत्तम' नव्हे. दोन पर्याय खरोखर योग्य असतील तर डिस्ट्रिक्टने स्वस्तातला निवडला तरी चालतं. मग योग्य म्हणजे किती? पूर्वी कित्येक कोर्टं म्हणायची, थोडीफार प्रगती झाली की पुरे. 2017 मध्ये कोलोरॅडोतल्या एंड्रू नावाच्या ऑटिझम असलेल्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने ती पट्टी वर उचलली. त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी खरी प्रगती होईल, असा कार्यक्रम हवा. मूल वर्षानुवर्षं त्याच त्या उद्दिष्टांवर घुटमळत असेल तर ते चालणार नाही. म्हणून आज रात्री एकच काम कर. गेल्या तीन वर्षांचे आयईपी शेजारी शेजारी ठेव आणि 'गोल्स'ची पानं लाव. तीच वाक्यं, फक्त वर्ष बदललेलं, असं दिसलं तर त्यांवर पिवळी खूण कर. मीटिंगमध्ये तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ती पिवळी पानं जास्त बोलतील.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. आधी खासगी शाळेत घालायचं आणि मग पैसे मागायचे, ही वाट कोर्टाने 1985 साली मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टनच्या खटल्यात खुली केली. एंड्रूच्या आईवडिलांनीही तेच केलं होतं. पण पैसे कुणाला मिळतात? डिस्ट्रिक्टने देऊ केलेलं शिक्षण अयोग्य होतं आणि आपण निवडलेली शाळा योग्य आहे, हे दोन्ही ज्यांचं खरं ठरतं त्यांना. शिवाय मूल काढण्याआधी सांगावं लागतं, एक तर शेवटच्या आयईपी मीटिंगमध्ये किंवा काढण्याच्या 10 कामकाजी दिवस आधी लेखी : तुमचा प्रस्ताव आम्ही नाकारतो, कारणं ही आहेत, मुलाला खासगी शाळेत घालतोय आणि खर्च तुमच्याकडून मागणार आहोत. हे न सांगता नुसतं उचलून नेलं, तर रक्कम कमी होऊ शकते किंवा मिळतच नाही. निकाल लागेपर्यंत नव्वद हजार तुमच्या खिशातून जाणार, हे वेगळंच. खटला जिंकलात तर वकिलाची फी डिस्ट्रिक्टवर पडू शकते. तुमच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाची फी मात्र पडत नाही, ती तुमचीच. तेव्हा त्याला म्हणावं, ही पहिली खेळी नव्हे, शेवटची. आणि ती शाळा अपंग मुलांसाठीच्या राज्यमान्य खासगी शाळांच्या यादीत आहे का, ते आजच बघून ठेवा. असेल तर डिस्ट्रिक्टने स्वतःच तिथे पाठवण्याची शक्यता उरते. जर्सीत अशी पुष्कळ मुलं डिस्ट्रिक्टच्या खर्चाने, डिस्ट्रिक्टच्याच बसने जातात.

हे झालं कायद्याचं. तुझ्या पत्रात एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय, तो मीच विचारते. तो वेगळा वर्ग वाईटच आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?

रागावू नकोस. मुलाला नेहमीच्या मुलांत ठेवण्याचा हक्क फार मोलाचा आहे, आणि तो मिळवण्यात या राज्याचा वाटा मोठा आहे. क्लेमेंटन गावातल्या ओबर्ती कुटुंबाने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलासाठी तो लढवला, 1993 मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टात जिंकला. नेहमीच्या वर्गात मदत पुरवून बघण्याचे खरेखुरे प्रयत्न केलेत का, हे आधी डिस्ट्रिक्टने दाखवायचं, असं तेव्हापासून चालत आलंय. सुनावणीत आपली बाजू सिद्ध करण्याचं ओझंही इथे डिस्ट्रिक्टवर असतं. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये ते तक्रार करणाऱ्यावर टाकलं होतं, जर्सीच्या विधिमंडळाने 2008 मध्ये कायदा करून ते उलटं फिरवलं. म्हणजे पारडं तुझ्याकडे झुकलेलं आहे. पण पारडं झुकलंय म्हणून तीच वाट मुलाला बरी, असं होत नाही.

माझ्या मुलाचं सांगते. तोही ऑटिस्टिक, आता एकतीस वर्षांचा आहे. दुसरीत त्याला एड मिळावी म्हणून मी जिवाचं रान केलं. मिळाली. फार प्रेमळ बाई होती. दोन वर्षांनी लक्षात आलं की 'ओपन युअर लंच' असं ती म्हणेपर्यंत हा डबा उघडत नाही. भूक लागलीय, समोर पोळीभाजी आहे, आणि हा तिच्या तोंडाकडे बघत बसलाय. वर्गात तो तिच्याशी बोलायचा, मुलं त्याच्याशी नाही, वर्गशिक्षिकाही नाही. तो नेहमीच्या वर्गात होता आणि कुणाच्यातही नव्हता. अकराव्या वर्षी आम्ही त्याला छोट्या वेगळ्या वर्गात घातलं तेव्हा मी घरी येऊन रडले. लोक काय म्हणतील हे त्या रडण्यात किती होतं, ते आज विचारशील तर बरंच होतं. त्या वर्गात तो स्वतःचा डबा उघडायला शिकला, मग दुसऱ्याचा उघडून द्यायला. पुढे नववीत चित्रकला आणि जिम नेहमीच्या मुलांबरोबर, बाकीचं वेगळं, असं चाललं. वेगळा वर्ग आणि नेहमीचा वर्ग यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. मीटिंगमध्ये सहसा दोन टोकंच दाखवतात.

तेव्हा घड्याळ थांबवल्यावर तो वर्ग बघून ये. तसं लेखी विचार. नुसतं फिरवून आणतील, तेवढ्यावर समाधान मानू नकोस, अर्धा तास बस. किती मुलं, किती मोठी माणसं, ते मोज. तुझ्या मुलासारखं बोलणारं एक तरी मूल आहे का? जेवण, सुटी, संगीत नेहमीच्या मुलांबरोबर असतं का? मुलं काही करत नसतील तर मोठी माणसं त्या वेळी काय करत असतात? भिंतीवर काय लावलंय ते बघू नकोस, भिंती सगळीकडे सुंदर असतात.

आणि मीटिंगमध्ये 'एड का काढताय?' ऐवजी 'एडवाचून तो कोणत्या गोष्टी करू शकतो याच्या नोंदी दाखवा' असं विचार. नोंदी दाखवल्या तर तुलाही काही शिकायला मिळेल. नसतील तर खरं कारण बजेट आहे, हे कागदावर येईल. त्यांच्या तपासणीशी तुम्ही सहमत नसाल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मागता येते. तशी मागणी केली की त्यांनी ती द्यायची, नाहीतर 20 दिवसांत सुनावणी मागून आपली तपासणी बरोबर असल्याचं सिद्ध करायचं.

सगळं लेखी. तोंडी बोलणं झालं की घरी येऊन दोन ओळींची मेल : आज आपलं असं असं बोलणं झालं, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवावं. आपल्याकडे घरोघरी एक प्लॅस्टिकची पिशवी असते, तिच्यात रेशन कार्डापासून वीस वर्षांपूर्वीच्या लाईटबिलापर्यंत सगळं असतं. ती सवय इथे कामी आण. माझ्या पहिल्या मीटिंगला मी घरचा चिवडा घेऊन गेले होते. पाहुण्यासारखी बसले, दर दोन वाक्यांनी थँक यू म्हटलं आणि अठरा पानं न वाचता सही केली. स्पीचचा एक तास त्यात कमी झाला होता, ते मला दिवाळीत कळलं. चिवडा न्यायला हरकत नाही. पण सही घरी येऊन, वाचून.

एकटी जाऊ नकोस. 'स्पॅन' म्हणून जर्सीतल्या पालकांसाठी संस्था आहे, नेवार्कला. पालकांना हेच शिकवण्यासाठी तिला केंद्राचं अनुदान मिळतं, तुझ्याकडून पैसे घेत नाहीत. प्रत्येक राज्यात अशी निदान एक तरी संस्था असते, हे बाहेरच्या वाचकांसाठी. प्रकरण चिघळलं तर ट्रेंटनला 'डिसॅबिलिटी राइट्स न्यू जर्सी' ही अपंगांना कायद्याची मदत करणारी संस्था आहे.

मैत्रिणीला सांग, तिची काळजी पोचली. पण या कायद्यात मुलाच्या हक्काला आईवडिलांच्या व्हिसाची अट नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक शाळा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1982 मध्येच टेक्सासच्या खटल्यात सांगितलंय. आयईपीसाठी मीडिएशन मागणं म्हणजे कुणावर गुन्हा दाखल करणं नव्हे. ग्रीन कार्डाबद्दल मनात शंका असेलच तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, शेजारी नको.

सासूबाईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पुण्यात आजी आहे, आत्या आहे, खालच्या मजल्यावरचे काका आहेत, ते इथे कोणत्या आयईपीत लिहून मिळणार? भारतातला 2016 चा कायदाही वाचायला चांगला आहे : चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. पण सरकारी शाळेतल्या अशा मुलामागे समग्र शिक्षा योजनेत वर्षाला 3,500 रुपये धरलेले असतात, आणि फिरता विशेष शिक्षक अनेक शाळांत वाटलेला असतो. चांगल्या शाळा आहेत, तळमळीने काम करणारी माणसं आहेत, पण बराचसा भार घरावर आणि खिशावर येतो. इथे जो वाद घालायची तुला भीती वाटतेय, तो वाद घालायचं टेबलच तिथे बहुतेकांना मिळत नाही. आणि आठ वर्षांच्या मुलाला आईवडिलांपासून तोडून 'पाठवा', हे तर नाहीच. सगळ्यांनी मिळून परत जायचं असेल तर तो वेगळा विचार, शांतपणे करायचा. मीटिंगच्या रागात नको.

राहता राहिली मराठी. थेरपिस्ट चांगल्या मनाने म्हणाली असेल, पण ते जुन्या समजुतीचं शास्त्र आहे. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट आईने तोडक्या, ठरवून बोललेल्या इंग्रजीत मुलाशी बोलायला लागलं की घरातलं बोलणंच आटतं. तिला नम्रपणे विचार, की तपासणी करताना त्याचे मराठी शब्द मोजले होते का? मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत, शक्य असेल तिथवर, करावी असं कायदाच म्हणतो. 'पाणी' म्हटलं आणि समोरच्या बाईला कळलं नाही, तर तिच्या कागदावर तो शून्य शब्द असतो. तू फोनवर सांगितलंस ना, की तो जेवताना 'अजून वरण' म्हणतो. दोन शब्दांचं वाक्य आहे ते, मागणी आहे, विशेषणासकट. त्याची तारीख घालून वहीत नोंद कर आणि पुढच्या मीटिंगला वही घेऊन जा.